दारावरच्या दिव्याखालचे बारके पतंग आणि चिमट्याची मॅक्रो लेन्स

मी मुद्रितशोधक. २५ वर्षं लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून पोट भरतेय. छापील पानावर सुटलेला अनुस्वार मला हातभरावरून दिसतो, निदान दिसायचा. मग चाळिशी लागली आणि त्या अभिमानावर चष्म्याची दांडी येऊन बसली. हे आधीच सांगते, कारण ही लेन्स मी पतंगांच्या प्रेमापोटी घेतलेली नाही. चिडून घेतली आहे.

झालं असं की रात्री दार लावताना दिव्याखालच्या भिंतीवर रंगाचा पोपडा सुटलेला दिसला. नखानं काढायला गेले, तर पोपडा चालायला लागला. चार पावलं चालला, थांबला, मिशा पुढे रोखल्या आणि बसला. लांबी फार तर ७ मिलिमीटर. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. तपकिरी काहीतरी, पाठीवर फिकट काहीतरी. मोबाइलनं फोटो काढला, तर भिंतीवरचा रवाळपणा लख्ख आणि मधोमध एक डाग. अक्षर न लागणारं हस्तलिखित हातात पडलं की जो संताप येतो, तोच आला. दुसऱ्या दिवशी फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्यानं बसणारी, बारकं अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स मागवली.

वस्तू साधी आहे. कपड्यांना लावतो तसला एक चिमटा, त्यावर आट्यांनी बसणारी करंगळीच्या पेराएवढी लेन्स आणि तिच्या तोंडाला पारदर्शक प्लास्टिकची कड. याच घडणीच्या लेन्स दहा वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे नावात जात नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१५ पट’ लिहिलेली असते, तीच ही.

त्या १५ पटीचं आधी निकालात काढते. भिंगाची पट मोजायची जुनी रीत अशी, की डोळ्याला आरामात वाचता येईल असं अंतर २५० मिलिमीटर धरायचं आणि त्याला भिंगाच्या नाभीय अंतरानं भागायचं. म्हणजे १५ पटीच्या भिंगाचं नाभीय अंतर साधारण १७ मिलिमीटर. फोनमध्ये पतंग १५ पट मोठा दिसेल, असा याचा अर्थ अजिबात नाही. अर्थ एवढाच, की पतंग काचेपासून जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरवर असेल तरच स्पष्ट दिसणार. मी पहिल्याच दिवशी पट्टीचा फोटो काढून पाहिला. माझ्या फोनवर, झूम न करता, फोटोच्या लांब बाजूत २२ मिलिमीटर मावतात. म्हणजे ७ मिलिमीटरचा पतंग फोटोच्या लांबीचा एक तृतीयांश भाग व्यापतो. मला एवढं पुरतं. पण कुणी खोक्यावरचा आकडा पाहून पतंगाच्या डोळ्यांतल्या जाळीचे फोटो काढायची स्वप्नं पाहत असेल, तर त्यानं पट्टीचा फोटो आधी काढावा.

आठवडाभरानं तो पोपडा, किंवा त्याचा भाऊ, परत आला. या वेळी मी तयार होते. लेन्सची कड भिंतीला टेकवली, श्वास धरला, बटण दाबलं. आणि पडद्यावर जे आलं, त्यासाठी मी या लेन्सचे पुढचे सगळे दोष पोटात घातले आहेत. पाठीवरचं ते ‘फिकट काहीतरी’ म्हणजे एकापुढे एक असे तीन चौकोन, टोकावर उभे केलेले. मिशा सरळ पुढे. पंखांची मागची टोकं किंचित वर उचललेली. हा कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, प्लुटेला झायलोस्टेला. कोबी, फुलकोबी, मोहरी या कुळातल्या झाडांवर याच्या अळ्या वाढतात. जगात जवळपास सगळीकडे सापडतो आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खाण्यात याचा नंबर फार वरचा. शेतात बीटी या कीड मारणाऱ्या जिवाणूच्या फवारणीला दाद न देणारा पहिला कीटक म्हणून याची नोंद आहे. माझ्या नखाखाली जाता जाता वाचलेला हा प्राणी एवढा नामांकित निघेल असं वाटलं नव्हतं.

पण मला आवडली ती दुसरीच गोष्ट. चौकोन कुठल्याच पंखावर नसतो. प्रत्येक पंखाच्या काठाला नुसती फिकट नागमोडी किनार असते, म्हणजे अर्धा चौकोन. पंख मिटले की डावा अर्धा आणि उजवा अर्धा जुळून पाठीवर पूर्ण चौकोन उमटतो. थेट जोडाक्षर. पंख पसरून टाचणीला लावलेल्या नमुन्यात ही खूण फुटून जाते. भिंतीवर जिवंत बसलेल्यात ती नीट वाचता येते.

इथून माझा नाद सुरू झाला, आणि लेन्सची खरी परीक्षाही.

आमच्या धंद्यात नव्या मुलांना पहिला धडा देतात तो असा: शब्द वाचू नकोस, अक्षरं वाच. शब्द वाचणारा माणूस ‘पाऊस’ पाहून ‘पाऊस’च वाचतो, मग छापलेलं ‘पाउस’ असलं तरी. बारक्या पतंगांचं अगदी तसंच आहे. दिव्यावर येणाऱ्यांतले निम्मेअधिक ‘तपकिरी, बारका’ या एका शब्दात बसतात, आणि तिथेच माणूस हात टेकतो. प्रत्यक्षात अक्षरं वेगळी असतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी अक्षरं वाचायला लेन्स लागतच नाही. बसायची ढब बघायची. पंख अंगाभोवती सुरळीसारखे गुंडाळून, काडीचा तुकडा होऊन बसलेला, समोर लांब नाक काढलेला दिसला, तर तो बहुधा गवतावरच्या पतंगांपैकी, म्हणजे क्रॅम्बिड कुळातला. खांद्याशी फुगून खाली पसरणाऱ्या घंटेसारखा दिसला, तर टॉर्ट्रिसिड. पुढचे पाय ताठ करून छाती वर उचलून, शेपटीचं टोक भिंतीला टेकवून ऐटीत बसला असेल, तर ग्रॅसिलॅरिड. डोकं भिंतीला आणि शेपूट हवेत असं उलटं ध्यान लावणारेही आहेत. आणि इंग्रजी टी अक्षरासारखा, दोन्ही बाजूंना बारीक काड्या काढून बसलेला दिसला, तर डोळे मिटून पिसपंखी म्हणा. त्याचे पुढचे पंख टोकाशी बहुधा दोन फाट्यांचे आणि मागचे तीन फाट्यांचे असतात, पण बसताना तो सगळं गुंडाळून काडी करून टाकतो.

ही ढब आधी लांबून बघून घ्यायची, कारण लेन्स जवळ नेली की ती बिघडते. पहिला महिनाभर मी हेच उलटं केलं. आधी लेन्स घुसवली, पतंग दचकून दुसरीकडे जाऊन कसातरी बसला, आणि मग त्या कशातरी बसण्यावरून मी कूळ ठरवत राहिले. आता आधी हातभर लांबून साधा फोटो, मग लेन्सचा.

मग लेन्स कशासाठी? तोंडासाठी. बारक्या पतंगांच्या चेहऱ्यावर, सोंडेच्या दोन बाजूंना, दोन स्पर्शक असतात. नुसत्या डोळ्यांना त्यांचं एक टोक दिसतं, लेन्समधून आकार दिसतो. सरळ पुढे काढलेले, चोचीसारखे असतील तर ओळखीची एक दिशा. कोयत्यासारखे वळून कपाळावरून वर गेलेले असतील तर दुसरी. जेलेकिड कुळातले आणि त्यांचे नातेवाईक असे शिंगं काढून हिंडतात. डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा झुपका असेल तर तिसरी. काही अतिबारक्या कुळांत मिशीचं बूड रुंद होऊन डोळ्यावर झापडीसारखं येतं. त्यांतले नेप्टिक्युलिड तर इतके लहान की काहींचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत ३ मिलिमीटरच्या आसपास भरतात. तिथे माझी लेन्स दम टाकते, झापड आहे एवढंच कळतं.

लेन्सचा दुसरा उपयोग मला खोक्यावर छापावासा वाटतो: पतंग नसलेले पतंग पकडणं. दिव्याखाली बसलेलं, पंखांचं छप्पर केलेलं प्रत्येक तपकिरी ध्यान पतंग नसतं. दोन आठवडे मी एकाच्या नावासाठी डोकं फोडत होते, पण कुठल्याच कुळात बसेना. लेन्सखाली पंखांवर खवले नव्हतेच, केस होते. लांबलचक मिशा. ती होती कॅडिसफ्लाय, जिच्या अळ्या पाण्यात वाढतात. पतंगांच्या गणाची सर्वांत जवळची बहीण खरी, पण पतंग नव्हे. फुलपाखरं-पतंगांच्या गणाचं लेपिडोप्टेरा हे नावच मुळी ग्रीकमधल्या ‘खवला’ आणि ‘पंख’ या शब्दांपासून आलं आहे, म्हणजे खवले पाहणं हीच पहिली चाचणी. न्हाणीघरातल्या भिंतीवर बसणारी ती केसाळ, पानाच्या आकाराची राखाडी माशीही अशीच फसवते. तिला तर पंखच दोन, पतंगासारखे चार नव्हेत. नुसत्या डोळ्यांनी हा फरक मला मेल्यास कळला नसता.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार चिमट्याची. त्याचं रबर तीन महिन्यांत सैल झालं. कॅमेऱ्याच्या काचेवर लेन्स केसभर सरकली तरी फोटोच्या कोपऱ्यात काळी चंद्रकोर येते, आणि ती आली हे घरात जाऊन फोटो उघडल्यावर कळतं. फोनचं कव्हर काढल्याशिवाय चिमटा नीट बसत नाही. म्हणजे रोज रात्री दारात उभं राहून कव्हर काढा, लेन्स लावा, आणि नंतर कव्हर कुठे ठेवलं ते शोधा.

दुसरी गोष्ट लेन्सची चूक नाही, पण तिच्यामुळेच भोगावी लागते. हल्लीच्या फोनला दोन-तीन कॅमेरे असतात आणि समोरची वस्तू जवळ आली की फोन आपल्याच बुद्धीनं रुंद कोनाच्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. तुमची लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर, फोन बघतोय शेजारच्यातून. पडद्यावर चिमट्याचं काळं बूड. पहिल्या रात्री मी लेन्स बिघडली समजून परत पाठवायच्या बेतात होते. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप होणारं मॅक्रो बंद केलं, तेव्हा उलगडा झाला. सूचनापत्रकात हे एक वाक्य घातलं असतं तर काय बिघडलं असतं? तीन भाषांत ‘लेन्स गिळू नये’ मात्र छापलं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे स्पष्टतेची खोली. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरभरही जाड नसतो. छपरासारखे पंख करून बसलेल्या पतंगाची पाठीवरची रेघ लख्ख, पंखांचा काठ धूसर. काठ साधला तर पाठ गेली. याला उपाय नाही, सगळ्याच भिंगांचा हा स्वभाव आहे. मी फोन किंचित मागेपुढे डोलवत एका दमात पंधरा-वीस फोटो घेते. त्यांतले दोन लागतात. कडेला जांभळट झालर येते आणि फोटोचे कोपरे वितळल्यासारखे दिसतात; पतंग मधोमध ठेवला की याचा त्रास होत नाही.

प्रकाशाचं मात्र शिकावं लागतं. फोनचा फ्लॅश अजिबात वापरू नका. खवले आरशासारखे चमकतात, नक्षी पांढरी पडते आणि लेन्सच्या कडेची सावली पतंगाच्या अंगावर येते ती वेगळीच. दारावरच्या दिव्याचा उजेडही पुरत नाही. मी डाव्या हातात बारकी टॉर्च धरते, तिच्या तोंडाला ट्रेसिंग पेपरचा तुकडा रबरबँडनं बांधलेला. उजेड बाजूनं आणि मऊ आला की खवल्यांच्या रांगा छपरावरच्या कौलांसारख्या वेगळ्या दिसतात. भिंत पांढरी असेल तर फोन घाबरून सगळं अंधारं करतो, तेव्हा एक्स्पोजर हातानं थोडं वाढवायचं. पारदर्शक कड या कामात फार उपयोगी, कारण ती अंतरही धरते आणि उजेडही अडवत नाही. ती काळी असती तर मी या लेन्सला दोन गुण कमी दिले असते.

आणि दिव्याभोवती गरगरणाऱ्याच्या मागे लेन्स घेऊन धावू नका. मी धावले आहे. २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं होतं, की कीटक दिव्याकडे झेपावत नाहीत. उजेडाकडे पाठ करायचा प्रयत्न करतात. उडताना वर आकाश, खाली अंधार, हा त्यांचा जुना हिशोब असावा. दिवा जवळ आला की तो हिशोब चुकतो आणि ते तिथल्या तिथे कलत, फिरत राहतात. ते वाचल्यापासून मला त्या गरगरण्याची दया येते. मी तासभरानं बाहेर जाते आणि दिव्यापासून दोन-तीन हात लांब, अर्धवट सावलीत टेकलेल्यांना बघते. काम झालं की दिवा बंद करते. भिंतीवरच्या पालीला हे पसंत नाही.

फारच चळवळ्या असला तर एक उपाय मी संकोचून करते: झाकणाच्या पारदर्शक डबीत अलगद घेऊन दहा मिनिटं फ्रिजमध्ये. थंडीनं तो सुस्तावतो, फोटो होतो, मग दिव्यापासून लांब, झाडाच्या आडोशाला सोडायचा. लेकीनं एकदा ती डबी उघडली. ‘आई, यात काहीतरी चालतंय गं’ असा आवाज आला आणि त्यानंतर आमच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डबीवर चिठ्ठी लागते.

नावापर्यंत लेन्स पोचवते का? नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा ठेवणं चूक आहे. फोटो टाकला की क्षणात नाव सांगणारं एक ॲप मी वापरत होते. ते अट्टल शब्द वाचणारं निघालं. कॅडिसफ्लायला पतंग म्हणालं, एकाच पतंगाच्या दोन फोटोंना दोन नावं दिली, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. अंदाज म्हणून चालेल, निकाल म्हणून नाही. त्यापेक्षा जीवांच्या नोंदी टाकायच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळाची रीत मला पटते. तिथे तुम्ही तारीख, ठिकाण आणि फोटो देता, माणसं बघतात, आणि दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं एका जातीवर एकमत झालं तर नोंद पक्की धरतात. ‘कुळापर्यंत ओळखला, पुढे नाही’ असं लिहिलं तरी तिथे कुणी हसत नाही. माझ्या बऱ्याच नोंदी तशाच आहेत. पतंगांच्या काही जातींत फरक फक्त जननांगांच्या रचनेत असतो आणि तो नमुना उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तिथे १५ पट काय, १५० पटीचा फोटोसुद्धा कामाचा नाही. जुना झालेला, खवले झडलेला पतंग असेल तर मी फोटोच काढत नाही. शाई उडालेलं पान कितीही मोठं करून पाहिलं तरी अक्षर परत येत नाही.

भिंतीला मिलिमीटरच्या आलेख कागदाची एक पट्टी चिकटवून ठेवली आहे, तिचा उपयोग लेन्सइतकाच झाला. पतंग तिच्याजवळ बसला तर पुढच्या पंखाची लांबी फोटोतच मोजून निघते. अभ्यासक हेच माप जास्त विश्वासाचं धरतात, कारण पसरलेल्या पंखांचं माप कोण कसे पसरतो त्यावर बदलतं.

लोकरीचे कपडे खाणारा पतंग आला की काय, या भीतीनं मला दोघी-तिघींनी फोटो पाठवले, म्हणून हेही लिहिते. तो पतंग सोनेरी, डोक्यावर तांबूस केसांचा, आणि मुख्य म्हणजे उजेड टाळणारा. कपडे खातात त्या त्याच्या अळ्या. पंख फुटल्यावर तो काही खातच नाही. दिव्याखाली मिरवायला आलेला सहसा तो नसतो.

दागिने तपासायला वापरतात तसलं १० पटीचं हातभिंगही मी नंतर घेतलं. डोळ्याला लावून बघायला ते जास्त स्वच्छ, कडेला झालर नाही, चिमट्याची कटकट नाही. पण दारात उभं राहून, भिंतीला नाक लावून, श्वासानं पतंग न उडवता बघणं ही तपश्चर्या आहे, आणि बघितलेलं दुसऱ्याला दाखवता येत नाही. डबीतल्या पतंगाला भिंग, भिंतीवरच्याला चिमट्याची लेन्स, अशी माझी वाटणी झाली आहे.

दहा महिने वापरून पाचपैकी साडेतीन गुण देते. एक पूर्ण गुण चिमट्यानं घालवला, अर्धा त्या १५ पटीच्या फुशारकीनं. ज्यांच्या फोनमध्ये चांगलं मॅक्रो आधीच आहे, त्यांनी पट्टीचा फोटो काढून बघावा. लांब बाजूत २५ मिलिमीटरच्या आत मावत असेल तर ही घेऊ नका. बाकीच्यांनी घेताना लेन्सची काच बघण्याआधी चिमट्याचा जबडा फोनच्या जाडीला पुरतो का आणि रबर बदलता येतं का, ते विचारा. माझं बदलता येत नव्हतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला आहे, आणि तो मूळ रबरापेक्षा घट्ट बसतो.